विश्लेषण : अंगणात खोलता येणारा गिअरबॉक्स देणारे हेन्री फोर्ड… आजच्या ‘ऑटोमॅटिक’शी त्यांचे नाते काय?

क्लचचे पेडल नाही, सारखे गिअर बदलण्याची कटकट नाही, वाहतूक कोंडीत डाव्या पायाला आराम. ऑटोमॅटिक गाडी घेण्यामागे साधारण हीच कारणे असतात. मात्र हा गिअरबॉक्स बिघडला की अनेकदा तो खोलून दुरुस्त करण्याऐवजी अख्खा बदलण्याचा सल्ला मिळतो आणि खर्चाचा आकडा ऐकून मालक हबकतो. गंमत अशी, की अनेक ऑटोमॅटिक गाड्यांच्या पोटात ज्या तत्त्वावर गिअर फिरतात, त्याच तत्त्वाचा गिअरबॉक्स शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतला शेतकरी आपल्या अंगणात, हातातल्या पान्याने उघडत असे. ती गाडी होती फोर्ड ‘मॉडेल टी’. सामान्य माणसाला यंत्र उघडू देणाऱ्या आणि त्याच वेळी कारखान्यातल्या कामगाराला एका बोल्टपुरते मर्यादित करणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या आयुष्याचा, गिअरबॉक्सच्या बाजूने घेतलेला हा वेध.

घड्याळ खोलणारा मुलगा…

हेन्री फोर्ड यांचा जन्म 30 जुलै 1863 रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, आजच्या डिअरबॉर्न शहराजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. शेतातली कष्टाची कामे त्यांना कधीच आवडली नाहीत. अवजारे मात्र आवडली. लहानपणी हाती आलेले घड्याळ त्यांनी खोलले आणि पुन्हा जोडले. योग्य हत्यारे नव्हती, म्हणून खिळा घासून त्याचा स्क्रू ड्रायव्हर केला. लवकरच शेजारपाजारची बंद पडलेली घड्याळे त्यांच्याकडे येऊ लागली.

1876 हे वर्ष त्यांच्यासाठी दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी आई गेली. आणि त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या रस्त्यावर त्यांना घोड्यांशिवाय, स्वतःच्या जोरावर चालणारे वाफेचे इंजिन दिसले. तेरावे वर्ष लागण्याच्या सुमारास पाहिलेले ते यंत्र त्यांच्या डोक्यातून गेले नाही. 1879 मध्ये ते घर सोडून डेट्रॉइटला गेले. दिवसा यंत्रशाळेत उमेदवारी आणि रात्री घड्याळ दुरुस्ती, असे त्यांचे दिवस सुरू झाले. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. यंत्र उघडून बघणे, हीच त्यांची शाळा होती.

स्वयंपाकघरात इंजिन, भिंत फोडून गाडी…

1888 मध्ये क्लारा ब्रायंट यांच्याशी लग्न झाले आणि 1891 मध्ये फोर्ड डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत नोकरीला लागले. काम वीजनिर्मितीचे, मन मात्र पेट्रोल इंजिनात. 24 डिसेंबर 1893 रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, त्यांनी घरीच बनवलेले छोटे इंजिन स्वयंपाकघरातल्या सिंकवर बसवले. ठिणगीसाठी घरातल्या दिव्याची वीज घेतली. क्लारा थेंबाथेंबाने पेट्रोल सोडत होत्या. एडसेल हा त्यांचा मुलगा तेव्हा जेमतेम दीड महिन्याचा होता. इंजिन थोडा वेळ चालले, तेवढे पुरेसे होते.

पुढची अडीच वर्षे घरामागच्या शेडमध्ये गेली. 4 जून 1896 च्या पहाटे पहिली गाडी तयार झाली. सायकलसारखी चार चाके असलेली ‘क्वाड्रिसायकल’. बाहेर काढायची वेळ आली तेव्हा लक्षात आले, की गाडी शेडच्या दारातून जातच नाही. फोर्ड यांनी कुऱ्हाड घेऊन विटांची भिंत फोडली आणि गाडी रस्त्यावर आणली. या गाडीला पुढे जाण्यासाठी दोनच वेग होते आणि रिव्हर्स गिअर नव्हता! मागे घ्यायची झाल्यास उतरून ढकलणे हाच उपाय होता. इंजिन चालवणे एक आणि त्याची ताकद हवी तशी चाकांपर्यंत पोहोचवणे दुसरे, हा धडा त्यांना या गाडीनेच दिला असणार.

दोन अपयशे आणि एक ‘कॅडिलॅक’…

1899 मध्ये काढलेली पहिली कंपनी दीड-दोन वर्षांत बंद पडली. 1901 मध्ये दुसरी निघाली. भागीदारांशी पटेना, म्हणून 1902 मध्ये फोर्ड स्वतःच्या नावाच्या कंपनीतून बाहेर पडले. उरलेल्या कंपनीची सूत्रे हेन्री लेलँड या काटेकोर अभियंत्याकडे गेली आणि तिचे नाव झाले ‘कॅडिलॅक’. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

16 जून 1903 रोजी फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली. पाच वर्षे वेगवेगळी मॉडेल काढल्यावर 1 ऑक्टोबर 1908 रोजी ‘मॉडेल टी’ बाजारात आली. किंमत सुमारे 850 डॉलर. फोर्ड यांच्यासोबत चाइल्ड हॅरोल्ड विल्स आणि हंगेरीहून आलेले योझेफ गालांब यांच्यासारखे अभियंते होते. व्हॅनेडियम मिसळलेल्या मजबूत पोलादामुळे गाडी हलकी आणि तरीही दणकट झाली. खड्डे, चिखल, चाकोऱ्या यांनी भरलेल्या खेड्यातल्या रस्त्यांवर ती चालणे, हा तिचा मूळ हेतू होता.

‘मॉडेल टी’चा गिअरबॉक्स कसा चालायचा?

त्या काळी बहुतेक गाड्यांमध्ये गिअरचे दाते एकमेकांवर सरकवून जोडावे लागत. वेग जुळला नाही, की कर्रकन आवाज येई आणि दाते तुटत. नवख्या चालकाला ते जमणे अवघड होते. फोर्ड यांनी वेगळा मार्ग घेतला, तो प्लॅनेटरी गिअरचा. तो त्यांचा शोध नव्हता. आधीच्या काही गाड्यांत, त्यांच्या स्वतःच्याही, तो वापरलेला होता. पण लाखो लोकांच्या पायाखाली तो ‘मॉडेल टी’मुळे आला.

या रचनेत मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे. सगळे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. त्यामुळे ते जुळवण्याचा प्रश्नच नाही. वेग बदलायचा, तर या मालेतला कोणता भाग रोखून धरायचा एवढेच ठरवायचे. त्यासाठी गिअरला जोडलेले ड्रम होते आणि प्रत्येक ड्रमभोवती पट्टा. पेडल दाबले, की पट्टा ड्रमला आवळतो, ड्रम थांबतो आणि गाडीचा वेग किंवा दिशा बदलते.

गाडीत तीन पेडले होती. डावे पूर्ण दाबले की लो गिअर, अर्धे दाबले की न्यूट्रल, सोडले की हाय गिअर. मधले पेडल रिव्हर्सचे आणि उजवे ब्रेकचे. ॲक्सिलरेटर पायाशी नव्हताच. स्टीअरिंगखालच्या दांडीने हाताने इंधन द्यायचे. आजच्या चालकाला ही गाडी चालवणे गोंधळाचे वाटेल. पण तेव्हा घोडागाडीवरून थेट मोटारीत बसलेल्या माणसाला ती सरकत्या गिअरच्या गाडीपेक्षा सोपी वाटे.

मालक स्वतःच मेकॅनिक कसा झाला?

पट्ट्यांना आतून विणलेल्या सुती कापडाचे लायनर असे. ते झिजायचे, पट्टा घसरायचा, चढावर गाडी दम टाकायची. मग मालक पाना घेऊन बसे. लो गिअरचा पट्टा बाहेरच्या स्क्रूने आवळता येई. बाकीच्या दोन पट्ट्यांसाठी गाडीच्या पुढच्या फळ्या उचलून गिअरबॉक्सवरचे छोटे झाकण काढायचे. लायनर पूर्ण गेले असेल, तर मोठे कव्हर काढून पट्टे बाहेर घ्यायचे, जुने लायनर उपटायचे, नवे रिव्हेटने बसवायचे आणि पुन्हा जोडायचे. सगळ्यात मोठी भीती एकच, हातातला नट निसटून आत पडण्याची! इंजिन आणि गिअरबॉक्सचे ऑइल एकच असल्याने आत पडलेली वस्तू कुठे जाऊन अडकेल, याचा नेम नसे. 1926 च्या मॉडेलपासून पट्टे आणखी सहज काढता येतील, अशी सोय करण्यात आली.

हे सगळे शक्य होण्यामागे तीन कारणे होती. एक, वर्षानुवर्षे मूळ रचना फारशी बदलली नाही, त्यामुळे सुटे भाग गावोगावी आणि स्वस्त मिळत. दोन, भाग अदलाबदल करण्याजोगे अचूक होते. कानशीने घासून बसवण्याची गरज नव्हती. तीन, कंपनीने दिलेले माहितीपुस्तक प्रश्नोत्तरांच्या रूपात होते. मालकाला जो प्रश्न पडेल, तोच मथळा आणि त्याखाली सोपे उत्तर.

लोकांनीही या गाडीला आपलेसे केले. ब्रेकचा पट्टा झिजला की रिव्हर्सचे पेडल दाबून गाडी थांबवत. इंधन टाकीतून उताराने इंजिनात येत असल्याने, टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढावर ते पोहोचत नसे; मग गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढवत. शेतात तिचे मागचे चाक उचलून, त्यावर पट्टा लावून लाकडे कापत, पाणी उपसत. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या ‘मॉडेल टी’ होत्या, असे मानले जाते. यंत्र उघडून पाहायला न घाबरणारी एक अख्खी पिढी या गाडीने घडवली.

कारखान्यात मात्र उलटे का घडले?

गाडी स्वस्त करायची तर ती वेगाने बनायला हवी होती. 1913 मध्ये हायलँड पार्क कारखान्यात सरकती जोडणी साखळी सुरू झाली. चासी जोडायला आधी साडेबारा तास लागत. काही महिन्यांत ते काम सुमारे 93 मिनिटांवर आले. गाडीची किंमत घसरत घसरत 1925 च्या सुमारास 260 डॉलरपर्यंत आली.

या वेगाची किंमत कामगाराने मोजली. पूर्वीचा कारागीर आख्खे इंजिन जोडत असे. आता एक जण बोल्ट घालायचा, दुसरा नट लावायचा, तिसरा तो आवळायचा, तोही दिवसभर. कंटाळून लोक नोकरी सोडू लागले. त्यावर उपाय म्हणून जानेवारी 1914 मध्ये फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली. ती रक्कम आधीच्या मजुरीच्या जवळपास दुप्पट होती आणि कामाचे तासही नऊवरून आठ झाले. मात्र त्यासोबत कंपनीचे तपासनीस कामगारांच्या घरी जाऊन ते दारू पितात का, बचत करतात का, हेही पाहू लागले.

फोर्ड यांच्या आयुष्यातला मोठा विरोधाभास इथेच आहे. ज्या गाडीने मालकाला यंत्राचे ज्ञान दिले, त्याच गाडीच्या कारखान्याने ते ज्ञान कामगाराच्या हातून काढून घेतले. गिअरबॉक्स पूर्ण खोलून जोडू शकणारा शेतकरी आणि त्याच गिअरबॉक्सचा एकच नट आयुष्यभर आवळणारा कामगार, ही दोन्ही फोर्ड यांचीच निर्मिती.

हट्ट महागात कसा पडला?

‘मॉडेल टी’ परिपूर्ण आहे, तिच्यात मोठा बदल नको, या मतावर फोर्ड अडून बसले. 1920 च्या दशकात ग्राहकांना आराम, रंग, वेग हवा होता. प्रतिस्पर्धी जनरल मोटर्सची शेव्हरोलेट ते देत होती. 1919 पासून कंपनीचा अध्यक्ष असलेला मुलगा एडसेल बदल सुचवत राहिला, पण शेवटचा शब्द वडिलांचाच असे. अखेर मे 1927 मध्ये दीड कोटीवी गाडी बाहेर पडली आणि ‘मॉडेल टी’चे उत्पादन थांबले. नवी गाडी तयार नसल्याने कारखाने काही महिने बंद राहिले, हजारो कामगार घरी बसले. डिसेंबर 1927 मध्ये आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये पट्ट्यांचा प्लॅनेटरी गिअरबॉक्स नव्हता, इतरांसारखाच सरकत्या गिअरचा, तीन वेगांचा गिअरबॉक्स होता.

फोर्ड यांच्या आयुष्याची काळी बाजूही टाळता येत नाही. त्यांच्या मालकीच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या वृत्तपत्राने 1920 पासून ज्यूंविरुद्ध विखारी लेखमाला चालवली. खटला आणि टीकेनंतर 1927 मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. तरीही 1938 मध्ये, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, त्यांनी नाझी जर्मनीचा सन्मान स्वीकारला. कामगार संघटनांना त्यांचा कडवा विरोध होता. 1937 मध्ये कंपनीच्या माणसांनी संघटनेच्या कार्यकर्त्यांना मारहाण केली, त्याची छायाचित्रे देशभर गाजली. संघटनेशी करार व्हायला 1941 साल उजाडले.

चरखा आणि मुंबई…

त्याच 1941 मध्ये फोर्ड यांनी महात्मा गांधी यांना आदर व्यक्त करणारे पत्र पाठवले. उत्तरादाखल गांधीजींनी स्वतःची स्वाक्षरी असलेला चरखा त्यांना भेट दिला. प्रचंड कारखान्यांचा मालक आणि यंत्रांच्या अतिरेकाला विरोध करणारा नेता यांच्यात साम्य शोधणे कठीण. पण चरखा हे असे यंत्र होते, की जो वापरतो त्यालाच ते उघडता आणि दुरुस्त करता येते. घड्याळे खोलत मोठ्या झालेल्या फोर्ड यांना त्यात काय दिसले असेल, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा. हा चरखा आज डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहे.

फोर्ड यांच्या गाड्या भारतात त्याआधीच आल्या होत्या. ब्रिटिश साम्राज्यातील बाजारपेठांना कॅनडातील फोर्ड कंपनी गाड्या पुरवत असे आणि 1926 मध्ये भारतासाठी कंपनी स्थापन झाली. मुंबईत गाड्यांची जोडणीही होत असे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत हा व्यवसाय गुंडाळला गेला. पुढे 1990 च्या दशकात फोर्ड परतली ती महिंद्राच्या साथीने आणि त्या भागीदारीतली ‘एस्कॉर्ट’ नाशिकमध्ये तयार झाली.

प्लॅनेटरी गिअर ‘ऑटोमॅटिक’ कसा झाला?

फोर्ड यांनी सोडलेला धागा उचलला प्रतिस्पर्ध्याने. 1930 च्या दशकात अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने कॅडिलॅकमध्ये स्वयंचलित गिअरबॉक्सवर काम सुरू केले. हीच ती कॅडिलॅक, जी फोर्ड यांनी सोडलेल्या कंपनीतून उभी राहिली होती आणि 1909 पासून जनरल मोटर्सकडे होती. या प्रयत्नांतून ‘हायड्रामॅटिक’ तयार झाला आणि 1940 च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत मिळू लागला. आत पुन्हा प्लॅनेटरी गिअर आणि ड्रमभोवती पट्टे! फरक एवढाच, की पट्टा आवळायचे काम चालकाच्या पायाऐवजी ऑइलचा दाब करू लागला आणि क्लचच्या जागी द्रवातून ताकद पोहोचवणारी जोडणी आली.

दरम्यान फोर्ड यांचे घर कोसळत होते. मे 1943 मध्ये एडसेलचा अवघ्या 49 व्या वर्षी मृत्यू झाला. ऐंशीला टेकलेल्या हेन्री यांनी पुन्हा सूत्रे हाती घेतली, पण त्यांना ते झेपत नव्हते. 1945 मध्ये कारभार नातवाकडे गेला. 7 एप्रिल 1947 रोजी रात्री वयाच्या 83 व्या वर्षी ते गेले. नदीला पूर आल्याने त्या रात्री घरची वीज गेली होती. वीज कंपनीत मुख्य अभियंता राहिलेल्या या माणसाचा शेवट मेणबत्त्या आणि कंदिलांच्या उजेडात झाला.

त्यानंतर दोनच वर्षांत फोर्ड कंपनी आपल्या महागड्या लिंकन गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ प्रतिस्पर्ध्याकडून विकत घेऊ लागली. स्वतःचा ‘फोर्डोमॅटिक’ आला तो 1951 च्या गाड्यांत. ऑगस्ट 1953 मध्ये जनरल मोटर्सचा ‘हायड्रामॅटिक’ कारखाना आगीत खाक झाला, तेव्हा उत्पादन हलवले गेले विलो रन येथे. हा कारखाना दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमाने बनवण्यासाठी फोर्ड कंपनीनेच उभारला होता.

आज घरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलता येतो का?

आधी प्रकार ओळखायला हवा. भारतातल्या अनेक स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत ‘एएमटी’ असतो. तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच आणि गिअरचे काम यंत्रणा करते. ‘सीव्हीटी’मध्ये वेग बदलण्याचे मुख्य काम पट्टा आणि पुली करतात. फोर्ड यांच्या गिअरबॉक्सचा थेट वारस म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर असलेला ऑटोमॅटिक. बाहेरच्या पट्ट्यांची जागा त्यात बहुतांशी एकावर एक रचलेल्या क्लच प्लेट्सनी घेतली आहे.

अमेरिकेत जुन्या, तीन-चार वेगांच्या गाड्यांचे असे गिअरबॉक्स हौशी लोक आजही घरच्या गॅरेजात पुन्हा बांधतात. त्यासाठी त्या मॉडेलचे दुरुस्ती पुस्तक, गॅस्केट-सीलचा संच, नव्या क्लच प्लेट्स आणि कमालीची स्वच्छता लागते. प्लेट्स बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवाव्या लागतात. प्लेट्समधली मोकळीक फिलर गेजने मोजावी लागते. व्हॉल्व्ह बॉडीतला प्रत्येक छर्रा मूळ जागीच जावा लागतो. एक चुकला तरी गिअर पडत नाही. कापडाचा धागासुद्धा ऑइलचा मार्ग अडवू शकतो. शेवटी टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत न बसवता बोल्ट आवळले, तर ऑइल पंपच तुटतो.

अडचण ज्ञानाइतकीच वजनाचीही आहे. ‘मॉडेल टी’चे झाकण वरून उघडता येई, हा गिअरबॉक्स मात्र गाडीखालून उतरवावा लागतो. केवळ जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरणे जीवघेणे ठरू शकते. नव्या गाड्यांत तर संगणकाशी जुळवणी केल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होत नाही आणि त्यासाठीची साधने, माहिती सहसा कंपनीच्या हाती असते.

म्हणजे प्रश्न यंत्र गुंतागुंतीचे झाले एवढाच नाही. ते कोणाला कळावे, हे कोण ठरवतो, हाही आहे. वस्तू दुरुस्त करण्याच्या हक्काची मागणी आज अनेक देशांत होते आहे, तिचे मूळ हेच. नवी किंवा जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताना त्यामुळे तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे, त्याचे ऑइल किती किलोमीटरनंतर बदलायचे आणि बिघडल्यास सुटे भाग मिळतात की अख्खा संच घ्यावा लागतो. ‘मॉडेल टी’च्या मालकाला या तिन्हींची उत्तरे गाडीसोबत आलेल्या छोट्या पुस्तकात मिळत. आज ती गाडी घेण्यापूर्वी विचारून घ्यावी लागतात.